जुना डाव, जुन्या नियमांनी

विटीदांडू, लगोरी, फुगडी, गेडी, भोवरा, गोट्या, ठिकरी हे खेळ भिलाईत पुन्हा खेळले जावेत आणि आपल्या आजी-आजोबांच्या लहानपणी ज्या नियमांनी ते खेळले जात त्याच नियमांनी खेळले जावेत, यासाठी हे पुस्तक आहे. या वाक्याचा पूर्वार्ध कोणालाही पटेल. आग्रह उत्तरार्धाचा आहे आणि तो का, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

खेळाचे साहित्य सहसा हरवत नाही. बाभळीचा दांडू आजही तासून घेता येतो, फुटक्या कौलाची ठिकरी आजही मिळते, बांबूला तर छत्तीसगडमध्ये तोटा नाही. हरवतात ते नियम. ते लिहून ठेवायचे असतात असे कोणाला वाटले नव्हते. मोठी मुले लहानांना खेळता खेळता ते शिकवत आणि ही साखळी एका पिढीत तुटली तरी पुरे होते. पन्नास वर्षांनी कोणी दांडू हातात घेतो तेव्हा गल्ली केवढी खणायची, कोलल्यावर विटी झेलली तर काय, ‘वकट-लेंड’ची मोजणी कुठून सुरू करायची, यांतले काहीच त्याला आठवत नाही. मग तो क्रिकेटचे नियम लावून विटीदांडू खेळतो. दांडू परत येतो, खेळ मात्र येत नाही.

छत्तीसगडने या खेळांसाठी मोठ्या प्रमाणावर प्रयत्न केला आहे, त्याची नोंद आधी घेतली पाहिजे. 6 ऑक्टोबर 2022 रोजी राज्य सरकारने ‘छत्तीसगढिया ओलंपिक’ सुरू केले. त्यात गिल्ली-डंडा, पिट्ठुल (लगोरी), संखली, लंगडी दौड, कबड्डी, खो-खो, रस्साकसी, बांटी (गोट्या), बिल्लस (ठिकरी), फुगडी, गेडी दौड, भौंरा (भोवरा), शंभर मीटर धावणे आणि लांब उडी असे चौदा प्रकार होते. गावपातळीवरच्या युवा क्लबपासून राज्यापर्यंत सहा पायऱ्या होत्या. वयोगट तीन होते: अठरापर्यंतचे, अठरा ते चाळीसचे आणि चाळिशीच्या पुढचे. 2023 मध्ये हरेली सणाच्या दिवशी, 17 जुलैला, दुसरे पर्व सुरू झाले आणि त्यात कुस्ती व दोरीवरच्या उड्या यांची भर पडली. संसारात बुडालेल्या बाईला फुगडीसाठी मैदानात बोलावणे आणि तिच्या खेळाला पदक देणे, हे साधे काम नव्हते. हे खेळ शहाण्यासुरत्या माणसांनी खेळण्याजोगे आहेत, ही गोष्ट त्यामुळे हजारो लोकांच्या मनात पुन्हा रुजली.

पण स्पर्धेला एक गोष्ट लागतेच: सगळीकडे सारखे नियम. सरगुजाचा पिट्ठुल आणि दुर्गचा पिट्ठुल एकाच मैदानावर उतरायचा तर दोघांनाही आपापले काही सोडावे लागते. स्पर्धेचे हे वैगुण्य नव्हे, ती तिची अट आहे. तेव्हा स्पर्धा जे सोडते ते दुसऱ्या कोणीतरी उचलून ठेवायला हवे.

मराठी वाचकाला हा अनुभव नवा नाही. देशी खेळांना नियमांच्या चौकटीत बसवण्याचे काम महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच अंगावर घेतले. खो-खोचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये बांधले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. कबड्डी 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत पदकाचा खेळ झाली. जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. मैदानी मातीतून मॅटपर्यंतचा हा प्रवास अभिमानाचा आहे.

त्या प्रवासात मागे काय राहिले, हे कबड्डीच्या इतिहासावरून कळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हुतूतूचे, म्हणजे कबड्डीचे, तीन प्रमुख प्रकार खेळले जात. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी परत यायचा. गमिनीत बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहायचा. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे, फक्त प्रतिपक्षाला गुण मिळायचा. तीन प्रकार म्हणजे तीन वेगळे डावपेच आणि तीन वेगळे स्वभाव. गमिनीत शेवटचा उरलेला एकटा गडी साऱ्या गावाचा श्वास रोखून धरू शकतो, अमरमध्ये कमजोर गड्यालाही शेवटपर्यंत खेळायला मिळते. आजची कबड्डी मुख्यतः संजीवनीच्या पायावर उभी आहे. बाकीचे दोन प्रकार आता नियमांच्या इतिहासातच अधिक भेटतात. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांच्या संपादनाखाली निघालेल्या ‘व्यायामज्ञानकोशा’च्या दहा खंडांसारखी प्रचंड कामे त्या पिढीने करून ठेवली म्हणून आपल्याला मागे वळून पाहता तरी येते. मात्र कोशात जपलेला खेळ आणि मैदानावर जपलेला खेळ यांत फरक आहे. पुस्तक नियम सांगते, पण तो नियम खेळताना अंगाला काय वाटते, हे खेळल्याशिवाय कळत नाही.

हा फरक ओळखून एक देश आपला जुना खेळ कसा खेळतो, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत 1980 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील ओल्ड बेथपेज आणि ओहायोतील कोलंबस येथील ऐतिहासिक वस्ती-संग्रहालयांत काही हौशी माणसांनी एकोणिसाव्या शतकातले बेसबॉल खेळायला सुरुवात केली. आजचे बेसबॉल जुन्या कपड्यांत खेळायचे, असा तो प्रकार नव्हता. त्यांनी वर्ष निवडले आणि त्या वर्षीचे छापील नियम जसेच्या तसे लावले. 1860 च्या नियमांनी खेळायचे तर हातमोजे नाहीत, उघड्या तळव्यांनी चेंडू झेलायचा. चेंडू खालून, हात न उचलता टाकायचा. चेंडूचा एक टप्पा पडल्यावर झेलला तरी फलंदाज बाद. हा एक-टप्प्याचा नियम मैदानात पडलेल्या वैध चेंडूंपुरता 1864 च्या अखेरीस रद्द झाला, म्हणून 1865 चा सामना खेळणारे संघ तो पाळत नाहीत. पाच वर्षांच्या अंतराने खेळ बदलतो आणि खेळाडू तो बदल आपल्या हातांनी अनुभवतात. अशा संघांची संघटना 1996 मध्ये उभी राहिली. हे संघ गावच्या जत्रेत, उद्यानांत, शेतांच्या कडेला खेळतात, लोक गवतावर बसून पाहतात आणि मध्येच कोणी नियम विचारला तर खेळाडू समजावून सांगतात.

त्यांच्या खेळातली एक गोष्ट आपल्याला चांगलीच ओळखीची वाटेल. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने 1845 मध्ये नियम लिहिले तेव्हा धावणाऱ्याला चेंडू फेकून मारणे बंद केले. मॅसॅच्युसेट्सच्या 1858 च्या नियमांत मात्र ते शाबूत होते: धावणाऱ्याच्या अंगावर चेंडू बसला की तो बाद. आपल्या लगोरीत, म्हणजेच इथल्या पिट्ठुलमध्ये, नेमके हेच होते. लगोरी फुटली की ती रचणाऱ्या भिडूंना चेंडू मारून टिपायचे. मॅसॅच्युसेट्सचा प्रकार न्यूयॉर्कच्या प्रकारापुढे मागे पडला आणि चेंडू मारण्याचा नियमही त्याच्याबरोबर गेला. आज तो पुन्हा खेळणारे संघ आहेत. हरलेल्या बाजूचे नियमही जपण्याजोगे असतात, हे त्यांनी कृतीने दाखवले.

आणखी एक धडा तिथूनच घ्यावा. 1907 च्या अखेरीस अमेरिकेत एका आयोगाने निर्वाळा दिला की बेसबॉल ॲब्नर डबलडे यांनी 1839 मध्ये कूपरस्टाउन गावी शोधून काढले. देशाला ही कथा आवडली, पण पुढे इतिहासकारांनी तिला आधार नसल्याचे दाखवून दिले. आपल्याकडेही प्रत्येक देशी खेळाचे मूळ महाभारतात नेऊन भिडवण्याची सवय आहे. कबड्डीला अभिमन्यूच्या चक्रव्यूहाशी आणि खो-खोला रथांच्या युद्धाशी जोडले जाते. हे पुस्तक त्या वाटेने जात नाही. आपल्या खेळाला मोठे ठरवण्यासाठी पाच हजार वर्षांच्या पुराव्याची गरज नाही. बालाघाटहून सून म्हणून आलेल्या आजीने 1955 साली ठिकरीचे घर कसे आखले होते, एवढे नक्की कळले तरी तो खरा इतिहास आहे. तो अजून हाताशी आहे, पण फार दिवस राहणार नाही.

हे काम भिलाईतच का करावे? या शहराची घडणच त्याचे उत्तर देते. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी 4 फेब्रुवारी 1959 रोजी केले. मधल्या चार वर्षांत भाताच्या शेतांच्या आणि खेड्यांच्या जागी कारखाना उभा राहिला आणि त्याच्या शेजारी सेक्टरांची नवी वसाहत आखली गेली. तिथे देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. त्यांत मराठी माणसेही होती आणि विदर्भातून येणाऱ्यांना हा मुलूख परका नव्हता. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडवर आली. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहत होते. पुढे 1956 पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. रेल्वेचा रुळही गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव करत थेट दुर्गपर्यंत येतो.

आता सेक्टरमधल्या एखाद्या मैदानाचा विचार करा. एक मुलगा भंडाऱ्याचा, एक आंध्रचा, एक बिहारचा, एक केरळचा आणि एक शेजारच्याच छत्तीसगडी गावचा. प्रत्येकाच्या घरी विटीदांडू होता, प्रत्येकाचे नियम वेगळे होते. खेळायचे तर आधी ठरवावे लागे. अशा ठरावांतून काही मिश्र नियम जन्माला आले आणि तेही या शहराचा वारसा आहेत. जुन्या गावांत एकच परंपरा खोलवर सापडते. भिलाईत अनेक परंपरा शेजारी शेजारी सापडतात आणि त्यांची तुलना समोरासमोर करता येते.

फुगडीचेच पाहा. मराठी घरात ती उभ्याने, एकमेकींचे हात गच्च धरून, पाय जुळवून आणि अंग मागे टाकून गिरक्या घेत खेळतात. बसफुगडी हा तिचा एक प्रकार. छत्तीसगडी फुगडी मात्र मुख्यतः बसूनच होते. उकिडव्या बसलेल्या मुली गाण्याच्या ठेक्यावर पाय आळीपाळीने पुढे-मागे करतात आणि जी शेवटपर्यंत टिकते ती जिंकते. आपल्या फुगडीत जोडीदारणीच्या वजनाशी तोल साधण्याचे कसब आहे, त्यांच्या फुगडीत मांड्यांचा आणि दमाचा कस आहे. दोन्ही एकाच अंगणात, एकाच दुपारी खेळल्या तर मुलींना जे कळेल ते कोणत्याही भाषणाने कळणार नाही.

गेडीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. हरेली छत्तीसगडमध्ये श्रावण अमावास्येला येते. आपल्या पंचांगात ती आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. त्या दिवशी शेतीच्या अवजारांची पूजा होते आणि घरोघरी गेडी चढते. दोन उंच बांबू, त्यांवर ठरावीक उंचीला बांबूच्याच तुकड्यांचे पावठे, इथे त्यांना पउवा म्हणतात. ते काथ्याने आवळून बांधायचे, इतके की चालताना ‘रच-रच’ आवाज निघाला पाहिजे. आवाज यावा म्हणून गाठीवर रॉकेल ओततात. पावसाळ्यातल्या चिखलातून पाय न भरवता जायचे, हा तिचा उपयोग. पुढे महिनाभर मुले गेडीवर फिरतात आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नारबोदला, गेडीचा मोसम संपतो. गेडी बारमाही खेळ नाही, आणि या पुस्तकाने तिचा मोसम मुद्दाम नोंदवला आहे. जानेवारीत सिमेंटच्या फरशीवर गेडी शर्यत घेता येते. पण चिखल नसेल तर गेडी कशासाठी, हे मुलाला समजणार नाही. भोवरा, विटी, गेडी, मंगळागौर या सगळ्यांना आपापला ऋतू होता. तो पाळणे हाही एक नियम आहे.

मंगळागौरीचे नाव आले तर मराठी बायकांचे ऋण मानले पाहिजे. जुने खेळ समाजाने मिळून पुन्हा खेळण्याचे सर्वांत जिवंत उदाहरण आपल्याकडे त्यांनीच उभे केले आहे. झिम्मा, पिंगा, कोंबडा, लाट्या, सूप, किकीचे पान असे कितीतरी प्रकार आज शहरोशहरीच्या आणि परदेशांतल्याही मंगळागौर मंडळांनी जपले आहेत. कोणी सांगितले नसताना त्यांनी आज्या-मावश्यांना विचारून हे खेळ गोळा केले. आता गरज आहे ती एकाच गोष्टीची. मंचावरच्या कार्यक्रमात दहाजणी खेळतात आणि शंभरजणी पाहतात. श्रावणातल्या मंगळवारच्या जागरणात मात्र प्रत्येकीला उठून खेळावे लागे. पाहणारीला खेळात ओढणे हा मूळ खेळाचाच भाग होता. तो परत आणला तर मंगळागौर पुरी झाली.

यातूनच या पुस्तकाची पद्धत ठरली. प्रत्येक खेळापुढे सांगणाऱ्याचे गाव आणि काळ दिला आहे: कोणत्या जिल्ह्यातला नियम, साधारण कोणत्या दशकातला. एकाच खेळाचे दोन किंवा तीन प्रकार आले असतील तर ते एकत्र करून ‘प्रमाण’ प्रकार बनवलेला नाही. विटीदांडूत दांडूने अंतर मोजण्याची पद्धत वेगळी आणि ‘वकट-लेंड’ मोजत शरीराच्या निरनिराळ्या जागी विटी तोलून टोला मारण्याची वेगळी. दोन्ही स्वतंत्र दिल्या आहेत. खेळणाऱ्यांनी आरंभी एकच निवडावी, मोठ्याने जाहीर करावी आणि डाव संपेपर्यंत तीच पाळावी. भांडण झाले तर त्या गावी भांडण कसे मिटवत तेही विचारून ठेवावे, कारण तोही नियमच.

स्पर्धेच्या नियमावलीत न बसणारे नियम आम्ही विशेष काळजीने टिपले आहेत. त्यांत सर्वांत मोलाचा ‘कच्चा लिंबू’. धाकटे भावंड खेळात हवेच असते, पण त्याला बाद धरायचे नसते. ते धावते, ओरडते, मोठ्यांचे बघून शिकते आणि पुढच्या वर्षी खरा भिडू होते. पदकाच्या खेळात कच्च्या लिंबाला जागा असू शकत नाही. पण खेळ एका पिढीकडून दुसरीकडे जात होता तो याच वाटेने, आणि ही वाट बंद झाली म्हणूनच आज पुस्तक लिहावे लागते. अमेरिकेतल्या जुन्या क्लबांतही कच्च्या खेळाडूंचा वेगळा संघ असे, त्यांना ‘मफिन’ म्हणत. ओहायोच्या त्या पहिल्या संघाने अभिमानाने हेच नाव घेतले.

सुरक्षेबाबत स्पष्ट बोलावे. विटी डोळ्याला लागू शकते आणि जुन्या काळी लागतही असे. मुलांना खेळवताना पाहणाऱ्यांना लांब उभे करावे, झेलणाऱ्यांना चष्मे द्यावेत, लगोरीला चिंध्यांचा चेंडू घ्यावा. असा प्रत्येक बदल ‘हा बदल आजचा’ असे सांगून करावा. जुने आणि नवे यांतली रेषा ठळक ठेवली की बदल केल्याने वारसा बिघडत नाही. रेषा पुसली तर वीस वर्षांनी आजची सोय हीच परंपरा ठरेल.

वाचकांकडे मागणे थोडेच आहे. आपल्या सेक्टरमधली, आपल्या गावातली साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे गाठा. ‘तुम्ही काय खेळायचात?’ एवढ्यावर थांबू नका, कारण त्याचे उत्तर एका शब्दात येते आणि संपते. राज्य कोणावर यायचे ते कसे ठरवायचात, मैदान केवढे, किती भिडू, मुली-मुले एकत्र की वेगळी, हरल्यावर काय, रडीचा डाव कशाला म्हणायचे, हे विचारा. शक्य तर त्यांच्या हातात दांडू द्या. तोंडाने आठवत नाही ते हात आठवतात. छत्तीसगडी शेजाऱ्यांना, तेलुगू शेजाऱ्यांना, सर्वांना विचारा. मग एक गाव, एक काळ ठरवून मुलांसह खेळा आणि जे खेळलात ते तारखेसह लिहून ठेवा.

सरकारी उपक्रम येतात, मोठे होतात, बदलतात. स्पर्धा खेळाला मान मिळवून देतात आणि तो मान या खेळांना हवाच आहे. पण खेळाचे नाना प्रकार सांभाळण्याचे काम मोहल्ल्याचे आणि घराचे आहे, ते दुसरे कोणी करणार नाही. पोलाद घडवायला आलेल्या लोकांनी भिलाईत परस्परांच्या भाषा आणि सण जाणून एक शहर उभे केले. त्यांनी बरोबर आणलेले खेळही त्या शहराचा भाग आहेत. ज्यांना ते नियम ठाऊक आहेत ती माणसे आज आपल्यात आहेत. त्यांना विचारून, त्यांच्याच देखरेखीखाली खेळण्याची संधी आपल्या पिढीला आहे, पुढच्या पिढीला नसेल. म्हणून हे पुस्तक वाचून कपाटात ठेवू नये. ते मैदानावर न्यावे, त्यातल्या चुका आजी-आजोबांकडून दुरुस्त करून घ्याव्यात आणि त्या दुरुस्त्यांसह पुढची आवृत्ती भिलाईच्या लोकांनी स्वतः लिहावी.